चवीचा रकाना

चनबसप्पा म्हमाणे यांच्या घरची आमटी कळकली ती चौऱ्याहत्तर सालच्या रंगपंचमीला, दुपारी बारा चाळीसला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण चनबसप्पांनी ती लिहून ठेवली होती. जिल्हा परिषदेत बावीस वर्षं मुरलेले हेडक्लार्क ते. आधी नोंद करायची आणि मग ठसका लागू द्यायचा, अशी त्यांची शिस्त.

पहिला भुरका मारला आणि वाटी ओठाशीच थांबली. त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली, गालातून फिरवली, वाटी खाली ठेवली आणि बायकोला सांगितलं, "आमटी कळकलीय."

स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या माणसांना हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. पितळी भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात चिंचेची आमटी नाहीतर ताक राहिलं, की त्याला धातूची चव उतरते. तोंडात जुना पैसा धरून बसल्यासारखं वाटतं. ते कळकणं. आणि घरच्या बाईला आमटी कळकली म्हणून सांगणं ही नुसती चवीची तक्रार नव्हे. तुझं भांड्यांकडे लक्ष नाही, तुला आईने काही शिकवलं नाही आणि एक दिवस तू आम्हाला विष घालणार आहेस, एवढं सगळं त्या दोन शब्दांत येतं.

सावित्रम्मांनी आमटी तळहातावर घेऊन चाखली. त्यांना ती आमटीसारखीच लागली. संक्रांतीलाच सगळ्या भांड्यांना कल्हई केलीय री, असं त्यांनी सांगून पाहिलं; नवऱ्याला 'अहो'ऐवजी कानडी 'री' म्हणायची त्यांची सवय. त्यावर चनबसप्पांनी विचारलं, की मग माझी जीभ खोटं बोलते का? या प्रश्नापुढे त्या घरात बोलणं संपत असे.

कारण चनबसप्पांची जीभ ही साधी जीभ नव्हती. असं पेठेचं मत होतं आणि त्यांचं स्वतःचं तर होतंच. दर बसव जयंतीला त्यांच्या बोळात पंगत असायची. तीनशे पान. पंगतीला हुग्गी. हुग्गी म्हणजे खपली गहू कांडून, त्यात गूळ, दूध, खोबरं आणि खसखस घालून केलेली खीर, पण आमच्याकडे तिला खीर म्हटलं की लोक दुखावतात. तर ती हुग्गी शिजली, की आचारी विरुपाक्ष पळी घेऊन चनबसप्पांपुढे उभा राहायचा. चनबसप्पा दोन थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे, डोळे मिटायचे. तीनशे माणसं श्वास धरून उभी असायची. मग ते म्हणायचे, "होऊ दे." त्यांनी म्हटल्याशिवाय पानावर पळी पडली, असं अठरा वर्षांत झालं नव्हतं. त्याआधी हा मान त्यांच्या वडिलांचा होता. वडिलांनी घर ठेवलं नाही, शेत ठेवलं नाही, एवढी जीभ मागे ठेवून गेले.

आणि आता त्या जिभेखाली सुरुंग लागला होता, ते फक्त चनबसप्पांना ठाऊक होतं. माघात त्यांना तहान फार लागायला लागली, वजन उतरलं. घराजवळचा डॉक्टर गाठला असता तर संध्याकाळपर्यंत पेठभर झालं असतं, म्हणून ते पार पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत गेले आणि डॉक्टर येमूल यांना दाखवून आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की साखर आहे. गोड बंद करा आणि ही गोळी दिवसातून दोनदा घ्या.

गोड बंद असलेला माणूस हुग्गी चाखणार कसा? हे कळलं असतं तर मान गेलाच. आणि जाणार कुणाकडे, तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्या महादेवप्पांकडे. मागल्या साली त्यांनी 'होऊ दे' झाल्यावरसुद्धा "वेलदोडा थोडा कमी वाटला," असं भर पंगतीत म्हटलं होतं. चनबसप्पा ते विसरले नव्हते, विसरणारही नव्हते. म्हणून शिवरात्रीपासून त्यांनी घरीदारी सांगून टाकलं, की बसव जयंतीपर्यंत आपण गोड सोडलंय. नेम आहे. गोळ्या ऑफिसात, सुपारीच्या डबीत ठेवल्या. सावित्रम्मांनी नेमाचं कारण विचारलं नाही. त्यांनी चहात साखर घालायची थांबवली, एवढंच.

नेमाचा मात्र भलताच बोलबाला झाला. समोरच्या निंगव्वा आजींनी, ज्यांना बोळातल्या प्रत्येकाचं जन्मसाल आणि पाप पाठ होतं, त्यांनी तर ठरवूनच टाकलं, की चनबसप्पाचा नेम जयंतीच्या पंगतीत सर्वांसमोर, तूप घातलेल्या भरल्या वाटीने सुटायचा. चनबसप्पांनी हात जोडले आणि आतल्या आत घाम पुसला.

अशा अवस्थेत आमटी कळकली.

दुसऱ्या दिवशी भातही कळकला. तिसऱ्या दिवशी शेंगांची चटणी. आता शेंगांची चटणी कोरडी, ती उखळातून थेट काचेच्या बरणीत गेलेली, ती कशी कळकेल? पण चनबसप्पांचा विचार एव्हाना भांड्यांवर इतका पक्का बसला होता, की शेंगा ज्या कढईत भाजल्या तीच सदोष, असा शेरा त्यांनी मारला. त्यांना एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायचे, फडताळातलं एखादं पातेलं काढून उजेडात तिरकं धरायचे, नखाने खरवडायचे, परत येऊन बसायचे. त्यात पोटही बिघडलं होतं. ऑफिसात साहेब डिक्टेशन देत असताना आतून गुरगुर ऐकू यायची आणि साहेब आदबीने थांबायचे. विष भिनतंय याला आणखी कुठला पुरावा हवा होता?

दस्तगीर कल्हईवाल्याला बोलावणं गेलं. दस्तगीर तीस वर्षं त्या पेठेची भांडी करत होता. त्याने अंगणात खड्डा खणला, भाता लावला, कोळसा फुलवला. सावित्रम्मांनी एकूण एक भांडी बाहेर मांडली. पातेली, तपेल्या, परात, लग्नातला तांब्या, अगदी देवघरातलं पंचपात्रसुद्धा. फुकट भट्टी पेटलीय म्हटल्यावर शेजारणींनीही आपापली भांडी आणून मांडली. नवसागराचा पांढरा धूर बोळभर झाला. निंगव्वा आजी खोकत खोकत कामावर देखरेख करत होत्या. संध्याकाळी भांडी चांदीसारखी लखलखत होती आणि सावित्रम्मा त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या.

रात्रीची आमटी कळकलेली होती.

इथे चनबसप्पांनी जे केलं ते त्यांनी करायला नको होतं. दुसऱ्या दिवशी आपल्या ओट्यावर, चारचौघांत, ते दस्तगीरला म्हणाले, की तू कथलात शिसं मिसळतोस. दस्तगीरने तिथलंच एक पातेलं उचललं, आत जीभ लावली, पुरं चाटलं आणि ते परत ठेवलं.

"साब, तीस बरस हुए," तो म्हणाला. "मेरी बच्ची भी इसी कल्हई का खाती. शीशा नक्को बोलो."

त्याने सगळी भांडी परत एकदा करून दिली. काही न घेता. तरी आमटी कळकलीच. आणि चनबसप्पांची जीभ म्हणते म्हटल्यावर पेठेने ते ग्राह्य धरलं. चार घरांनी दस्तगीरला बोलावणं बंद केलं, मग दहा घरांनी. चनबसप्पा आपल्या जिभेच्या वजनाने खूश व्हायचे ते यावेळी झाले नाहीत. कुठेतरी टोचलं. पण जीभ एकदा दिलेला शेरा मागे घेत नाही, आणि हेडक्लार्क तर नाहीच नाही.

भांडी नाहीत तर मग काय? निंगव्वा आजींनी ओट्यावरून कानडी हेल काढत निकाल दिला, "एनप्पा, भांड्याला काय विचारतोस? पाण्याला विचार की."

आणि चनबसप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नळ! इंग्रजांच्या वेळचा पाइप, आतून गंजलेला असणार. लोखंडाची चव, पोटाची गुरगुर, सगळं जुळलं. त्यांनी त्याच दिवशी महापालिकेला अर्ज लिहिला. सुंदर अर्ज होता. विषय, संदर्भ, सात मुद्दे, सहपत्र एक. असा अर्ज आपल्याकडे आला असता तर आपण तो कसा परत पाठवला असता, याचा विचार करून त्यांनी सगळ्या वाटा आधीच बंद केल्या होत्या.

तरी तो परत आला. उत्तर आलं, की पाण्याचा नमुना अर्जदाराने स्वतः आणून द्यावा. बाटलीत याआधी औषध किंवा तेल नसावं. नमुना दोन तासांच्या आतला असावा. नमुने घेण्याची वेळ सकाळी अकरा ते बारा.

आणि बोळात पाणी यायचं दुपारी अडीचला.

चनबसप्पांनी विनंती केली, की एकतर खिडकीची वेळ बदलावी नाहीतर पाण्याची. उत्तर आलं, की हे दोन विषय दोन वेगवेगळ्या खात्यांचे असल्याने दोन स्वतंत्र अर्ज करावेत. हे वाचून त्यांना राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर उत्तराच्या घडणीबद्दल त्यांना थोडं कौतुकच वाटलं. असं वाक्य जमायला पंधरा वर्षं खुर्ची झिजवावी लागते. शेवटी तिथल्या शिपायानेच दया येऊन मार्ग काढला. दुपारी भरलेल्या बाटलीवर त्याने 'सकाळी अकरा' अशी चिठ्ठी चिकटवली आणि पाणी दुसऱ्या दिवशीच्या अकराचं करून घेतलं.

अहवाल बारा दिवसांनी मिळाला. रंग, नाही. वास, नाही. गढूळपणा, नाही. चनबसप्पांनी कागद उलटापालटा केला आणि खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, "चवीचं काय?"

"चवीचा रकाना नाही," तो म्हणाला.

"पण तक्रार चवीची आहे."

"ते बरोबर आहे तुमचं. पण रकाना नाही."

चनबसप्पा खिडकीपासून मागे सरले. बावीस वर्षांत हेच वाक्य त्यांनी किती शेतकऱ्यांना ऐकवलं असेल. माळशिरसकडचा, नातेपुत्याचा एक म्हातारा तर तीन वेळा येऊन गेला होता. विहीर कोरडी पडलीय, हे लिहायला फॉर्मात रकाना नव्हता. तो म्हातारा त्यांना एकदम आठवला आणि घरी येईपर्यंत डोळ्यांपुढून हलला नाही.

घरी सावित्रम्मांनी वेगळी तऱ्हा केली होती. बाजारातून कोरं मडकं आणलं होतं. विहिरीचं पाणी आणलं होतं, मैत्रिणीच्या घरून, डोक्यावर. मडक्यात डाळ शिजवली, लाकडी डावाने घोटली, पत्रावळीवर वाढली. चनबसप्पांनी घास घेतला. लोखंड.

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण चेहरा आधीच बोलून गेला होता. सावित्रम्मांनी मडकं उचललं, अंगणात नेऊन ठेवलं आणि आत येऊन शांतपणे सांगितलं, "उद्यापासून तुमचं तुम्ही करा, री. माझ्या हातालाच लोखंड आहे बहुतेक."

त्यानंतर त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, वळसंगला माहेरीही गेल्या नाहीत. त्या गेल्या असत्या तर परवडलं असतं. त्या घरातच राहून दोन वेळचं रांधायच्या, पान वाढायच्या आणि तोंड फिरवून बसायच्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. पहिला घास घेतला की त्या तोंडाकडे बघायच्या, हे चनबसप्पांना आत्ता, त्या बघेनाशा झाल्यावर कळलं.

आता एवढ्यावर शहाण्या माणसाने ओळखलं असतं, की दोष भांड्यात नाही, पाण्यात नाही. पण शेजारी असताना माणूस शहाणा होईल कसा? मागच्या खोल्यांत महिपती राहायचा, मूळचा वैरागचा, गिरणीत जॉबर. त्याचा कागदावर विश्वास नव्हता, कुदळीवर होता.

"अण्णा, तुमी नुसतं अर्ज लिवत बसा," तो म्हणाला. "खणून बघू की. लई सोपं हाय."

रविवारी खणायला घेतलं. हात-दोन हात खणून होईल, असा महिपतीचा अंदाज. पाइप पार बोळ ओलांडून पलीकडे गेलेला निघाला. तिथवर चर गेला. बोळ दुभागला. महादेवप्पांच्या दुकानाची पायरी चराच्या पलीकडे गेली आणि गिऱ्हाइकाला उडी मारून तेल आणायची पाळी आली. दुपारी अडीचला पाणी सुटलं, महिपतीची शेवटची कुदळ नेमकी सांध्यावर बसली आणि पाण्याचा फवारा थेट महादेवप्पांच्या गुळाच्या ढेपांवर गेला. चनबसप्पा धोतर खोचून चरात उतरले आणि तळहाताने पाइप दाबून उभे राहिले. असे ते पाऊण तास उभे होते. गळ्यातलं इष्टलिंग भिजलं, चष्मा वाहून गेला, आणि वरून निंगव्वा आजी सांगत होत्या, की नेम करणाऱ्या माणसाची देव अशीच परीक्षा बघतो.

फुटका तुकडा महिपतीने कापून काढला. त्यात डोकावून बघितलं तर आतून गुळगुळीत. गंज नावाला न्हाय, असं त्याने जाहीर केलं. बोळात तीन दिवस पाणी नव्हतं. महापालिकेची नोटीस मात्र दुसऱ्याच दिवशी आली, विनापरवाना रस्ता खोदल्याबद्दल. तिला रकाना होता.

नोटीस आली त्या संध्याकाळी बोळात कुणी चनबसप्पांशी बोललं नाही. ते घरातून बाहेर पडले आणि चालत सुटले. भूक अशी नव्हतीच, पण वाटेत एका हॉटेलात शिरले, भजी मागवली. कळकलेली. पुढच्या चौकात ऊस पिळत होते. ऊस नको, नुसता लिंबू-सोडा घेतला. कळकलेला. पलीकडच्या टपरीवर पान लावून घेतलं, तेही कळकलेलं, आणि पानाला कल्हई नसते. चनबसप्पा दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. लोखंड भांड्यात नव्हतं, पाण्यात नव्हतं, सावित्रीच्या हातात नव्हतं. ते त्यांच्याबरोबर चालत होतं.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर येमूलांसमोर बसले. सगळं सांगितलं. भट्टी, नमुना, चर. डॉक्टर शांतपणे ऐकत होते, पण चराशी आल्यावर त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

"अहो म्हमाणे, ती गोळीची चव आहे," ते म्हणाले. "काहींना येते. तोंडात धातू चघळल्यासारखं. भूक मंदावते, पोटही सुरुवातीला बिघडतं. तुम्ही पंधरा दिवसांनी दाखवायला येणार होतात ना? का नाही आलात?"

चनबसप्पा काय सांगणार? ओळखीचं कुणी बघेल, म्हणून. त्यांनी विचारलं, ही चव जाणार कधी? डॉक्टर म्हणाले, गोळी जेवणानंतर घेत चला, पोट लवकर ताळ्यावर येईल, चव हळूहळू कमी होईल. काहींची राहतेही थोडी. बसव जयंती सहा दिवसांवर आली होती. चनबसप्पांनी खालच्या आवाजात विचारलं, की तेवढे सहा दिवस गोळी बंद ठेवली तर?

"जीभ हवी की पाय हवेत?" डॉक्टरांनी विचारलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

जयंतीचा दिवस उजाडला. चनबसप्पांनी न्याहारीनंतर ऑफिसातून आणून ठेवलेली डबी उघडली, गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसले आणि शेवटी गिळली. ठरलं होतं त्यांचं. चव कळो न कळो, डोळे मिटायचे आणि 'होऊ दे' म्हणायचं. कुणाच्या बापाला कळणार आहे? भरली वाटी आली तर पोटाचं निमित्त सांगायचं. मान राहील, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

मांडवात गेले तर मोठ्या तपेल्याजवळ दस्तगीर उभा.

विरुपाक्षाने हळूच सांगितलं, की दस्तगीरने पंगतीचं सगळ्यात मोठं तपेलं आपण होऊन कल्हई करून दिलंय. एकच मागणं केलंय त्याने. अण्णा चाखतील तेव्हा मला तिथं उभं राहू द्या. अण्णांनी चांगलं म्हटलं तर माझी घरं परत येतील. दस्तगीरने धुतलेला सदरा घातला होता आणि तो चनबसप्पांच्या तोंडाकडे बघत होता. पलीकडे बायकांत सावित्रम्मा होत्या. त्या बघत नव्हत्या. महादेवप्पा बघत होते. तीनशे पानं मांडली होती. तूप घातलेली भरली वाटी निंगव्वा आजींच्या हातात तयार होती.

विरुपाक्षाने पळी पुढे केली. चनबसप्पांनी दोन थेंब तळहातावर घेतले, चाटले, डोळे मिटले. लोखंड. नुसतं लोखंड. हुग्गी कळकली होती की नव्हती? गूळ किती होता? कल्हईत खरंच शिसं असतं तर? देवाशपथ काही कळत नव्हतं. डोळे मिटून ठेवले ते उघडायची हिंमत होईना. 'होऊ दे' म्हणायला दोन शब्द पुरत होते. पण ते खोटे निघाले तर तीनशे माणसांचं पोट, आणि खरे निघाले तरी दस्तगीरला जे बोललो ते तसंच राहणार. सावित्रीला जे बोललो तेही.

त्यांनी डोळे उघडले.

"मला चव कळत नाही," ते म्हणाले. "मला साखर झालीय. शिवरात्रीपासून गोळी चालू आहे. नेमबीम काही नाही. त्या गोळीने तोंडात लोखंड येतं. दस्तगीरची कल्हई चोख होती. पाणी चांगलं होतं. आणि आमच्या घरची आमटी एक दिवससुद्धा कळकली नव्हती."

एवढं बोलून त्यांनी पळी घेतली, बायकांच्या बाजूला गेले आणि ती सावित्रम्मांपुढे धरली. सव्वीस वर्षांत चारचौघांत त्यांनी बायकोला काही दिलं असेल तर ते हेच. म्हणाले, "तू बघ. तू म्हणशील तसं."

सावित्रम्मांनी पळी घेतली नाही. त्यांनी विरुपाक्षाकडे बघितलं, विरुपाक्षाने मुंडी खाली घातली. मग तो कपाळ खाजवत म्हणाला, "अण्णा, अक्कांनी पहाटेच बघितलीय. दरवर्षी बघतात. चिमूटभर मीठ राहिलं होतं, ते घातलंय."

"दरवर्षी?"

"अठरा वर्षं झाली की. त्यांनी मान हलवली की मग तुम्हाला बोलावतो."

चनबसप्पांनी मांडवभर नजर टाकली. कुणालाच आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. महादेवप्पांना तर अजिबात नाही. निंगव्वा आजी म्हणाल्या, "तुझ्या अप्पाच्या वेळी तुझी अव्वा बघायची." म्हणजे वडिलांनी मागे ठेवलेली तेवढी एक इस्टेटही कागदावरचीच निघाली. अब्रू, मान, घराणं, सगळं एका पळीत बुडालं. त्यांना वाटलं, महिपतीने खणलेला चर बुजवला नसता तर फार बरं झालं असतं.

"मग मला बोलावता कशाला?" त्यांनी विचारलं.

विरुपाक्षाला तो प्रश्नच चमत्कारिक वाटला. "असं कसं अण्णा? तुम्ही म्हटल्याशिवाय लोक जेवायला बसतील होय? बसलीयत का बघा एक तरी."

खरंच कुणी बसलं नव्हतं. तीनशे माणसं पानांमागे उभी होती. दस्तगीर अजून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. चनबसप्पांनी एकदा बायकोकडे बघितलं. सावित्रम्मांनी, कितीतरी आठवड्यांनी, सरळ त्यांच्याकडे बघून मान हलवली.

"होऊ दे," चनबसप्पा म्हणाले.

पंगत बसली. दस्तगीरला त्यांनी हाताला धरून नेलं, आपल्या शेजारच्या पानावर बसवलं आणि पहिली वाटी त्याच्या पानावर वाढायला लावली. निंगव्वा आजींच्या हातातली तुपाची वाटी महादेवप्पांनी मटकावली आणि वेलदोडा यंदा बरोबर पडलाय, असं सांगितलं.

घरी आल्यावर सावित्रम्मांनी पाट मांडला. जोंधळ्याची भाकरी, भाजी, आमटी, आणि कोपऱ्यात चमचाभर हुग्गी. एकच चमचा. चनबसप्पांनी विचारलं, साखरेचं तुला कधीपासून माहीत होतं?

"माघात मोरीत मुंग्यांची रांग लागली तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "आमच्या अप्पांनाही होती, री. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. तुम्ही नेम सांगितलात."

चनबसप्पांनी हुग्गीचा चमचा उचलून तोंडात घातला. सावित्रम्मा समोर बसून, पहिल्यासारख्या, त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"छान झालीय," ते म्हणाले.

"लोखंड लागतंय ना?"

"हो."

"मग खरं सांगा की."

चनबसप्पांनी जीभ टाळूला लावून पाहिली, गालातून फिरवली, डोळे मिटले.

"लोखंड छान झालंय," ते म्हणाले.